तीन आकड्यांची गोणी आणि तेरावा आकडा

दिवाळी अंक फराळाच्या ताटासारखा असावा, त्यात सगळे काही असावे, असा संपादकांचा आग्रह असतो. कथा झाल्या, कविता झाल्या, राशिभविष्य तर हवेच. मग या सदराच्या वाट्याला शेवटची चार पाने येतात आणि त्यांच्याबरोबर "यंदा जरा हलकेफुलके लिहा" अशी चिठ्ठीही येते. तेव्हा वाचकहो, यंदा मी मुद्दामच एक जड वस्तू निवडली आहे. 50 किलोची खताची गोणी!

नाक मुरडू नका. शहरातल्या माणसाचा खताशी संबंध गॅलरीतल्या तुळशीपुरता असतो, हे मला ठाऊक आहे. पण नगरहून (आता अहिल्यानगर म्हणायचे) मनमाडच्या रस्त्याने कधी निघालात, तर राहुरी, कोल्हार, राहाता या गावांतून गाडी हळू होते तेव्हा कृषी सेवा केंद्रांच्या पायऱ्यांकडे जरा पाहा. तिथे थप्पीने रचलेल्या गोण्यांवर मोठ्या अक्षरांत फक्त आकडे असतात. 10:26:26. दुसरीवर 12:32:16. तिसरीवर 18:46:0. दुकानात येणारा शेतकरीही खताचे नाव घेत नाही. "दोन दहा-सव्वीस-सव्वीस द्या, एक अठरा-सेहेचाळीस द्या" असे म्हणतो आणि दुकानदार मुकाट्याने गोणी काढतो. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. शंभर किलो खतात कोणता अंश किती किलो, ते हे आकडे सांगतात. आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. 10:26:26 च्या जागी 26:10:26 लिहिले, तर आकडे तेच राहतील, पण खत भलतेच होईल.

क्रमाने लिहिलेल्या अशा आकड्यांच्या गटाला गणितात सदिश म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांची सदिशाशी ओळख अकरावीच्या पदार्थविज्ञानात झाली आणि बारावीनंतर ती तुटली. तेव्हा मास्तरांनी फळ्यावर एक बाण काढला होता. ज्याला लांबी आहे आणि दिशाही आहे, तो सदिश. नुसती लांबी असेल, म्हणजे एकच आकडा असेल, तर तो अदिश. आमच्या परिभाषाकारांचे मला येथे कौतुक वाटते. 'सदिश' म्हणजे दिशेसकट. शब्दातच व्याख्या आली. पाश्चात्त्यांनी मात्र 'व्हेक्टर' हा लॅटिन शब्द घेतला. त्याचा अर्थ वाहक. म्हणून तर हिवताप वाहून नेणाऱ्या डासालाही डॉक्टरमंडळी 'व्हेक्टर'च म्हणतात.

आता बाणाचा आणि गोणीचा संबंध काय? संबंध असा, की बाण कागदावर काढायचा तर दोन आकडे लागतात. उजवीकडे किती आणि वर किती. खोलीत काढायचा तर तीन. नत्राची एक दिशा, स्फुरदाची दुसरी, पालाशची तिसरी असे मानले, की प्रत्येक गोणी म्हणजे त्या खोलीतला एक बाण झाला. युरियाची गोणी, 46:0:0, निव्वळ नत्राच्या दिशेने जाते. म्युरेट ऑफ पोटॅश, 0:0:60, निव्वळ पालाशच्या दिशेने. 18:46:0 ही तिरकी जाते, पण जमीन सोडून वर उठत नाही, कारण तिसरा आकडा शून्य.

आणि पिकाची भूकही याच खोलीतला एक बाण असतो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 साली स्थापन झाले; त्याच्या शिफारशीत सुरू उसाला हेक्टरी 250:115:115 किलो असा आकडा दिलेला असतो. (पूर्वहंगामीला 340:170:170, आडसालीला 400:170:170. ऊस जितका जास्त दिवस शेतात उभा, तितके त्याचे जेवण मोठे.) आता 250:115:115 अशी गोणी बाजारात कोणी विकत नाही. ती निरनिराळे बाण एकापुढे एक जोडून तयार करावी लागते. 18:46:0 च्या पाच गोण्या टाकल्या, म्हणजे 250 किलो झाले. त्यातून स्फुरद मिळाले बरोबर 115 आणि नत्र 45. उरले 205 नत्र. युरियाची गोणी हल्ली 45 किलोची असते. अशा दहा गोण्यांत 207 किलो नत्र बसते. राहिले पालाश. पोटॅशच्या चार गोण्यांत ते 120 किलो आहे. बेरीज करून पाहा : 252:115:120. ज्या शेतकऱ्याने सदिश हा शब्द कधी ऐकला नाही, तो ही बेरीज दुकानाच्या पायरीवर बसून बोटांवर करतो. मी पाहिली आहे.

हा आकड्यांचा गट तीनावरच का थांबावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो 1844 साली जर्मनीतल्या एका शाळामास्तराला पडला होता. हर्मान ग्रासमान त्याचे नाव. आपल्या राहत्या जगाच्या दिशा तीन असल्या, तरी गणिताने तिथेच का अडावे, दिशा हव्या तितक्या घ्याव्यात, असे प्रतिपादणारा एक जाडजूड ग्रंथ त्याने लिहिला. तो कोणी वाचला नाही. न खपलेल्या शेकडो प्रती शेवटी प्रकाशकाने रद्दीत काढल्या. मास्तर गणितावर रुसले आणि संस्कृताकडे वळले. त्यांनी ऋग्वेदाचा जो कोश केला, तो 1873 ते 1875 या काळात प्रसिद्ध झाला आणि वेदाभ्यासकांच्या टेबलावर अजून असतो. ज्या माणसाला गणित्यांनी हाकलले, त्याला वैदिकांनी घरात घेतले, हे आपल्याला ऐकायला बरे वाटते. पुढे गणित्यांनाही त्याची योग्यता कळली, पण फार उशिरा.

असो. तीनाहून अधिक दिशांचा सदिश आमच्या घरोघरी फार पूर्वीपासून वापरात आहे, हे मात्र ग्रासमानला ठाऊक नसावे. लग्नाची पत्रिका! गुणमेलनात आठ कूटे असतात : वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट आणि नाडी. त्यांना क्रमाने 1 पासून 8 पर्यंत कमाल गुण. सगळे मिळून 36. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण त्या पद्धतीत एक शहाणपण आहे. वधूपिता आनंदाने सांगतो, "28 गुण जमले!" आणि ज्योतिषी मान हलवून म्हणतो, "जमले खरे, पण एकनाड आहे." म्हणजे बाकीच्या सात घरांत पैकीच्या पैकी आणि आठव्यात भोपळा. त्या बिचाऱ्या वधूपित्याने आठ आकड्यांची बेरीज करून एकच आकडा केला आणि तोच पाहिला. ज्योतिषाने आठही पाहिले. आमच्या शाळा हे अजून शिकल्या नाहीत. भाषेत नव्वद आणि गणितात चाळीस मिळवणारी मुलगी, आणि त्याच्या उलट मिळवणारा तिचा भाऊ, दोघेही 65 टक्क्यांचे म्हणून एकाच रांगेत उभे केले जातात.

नगर जिल्ह्यात पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले, की रोज असा एक सदिश पहिल्या पानावर असतो. भंडारदरा इतके, निळवंडे इतके, मुळा इतके, दशलक्ष घनफुटांत. भंडारदऱ्याची क्षमता 11,039, निळवंड्याची 8,320, मुळेची 26,000. तिन्ही मिळून "धरणे सत्तर टक्के भरली" असे कोणी सांगितले, तर मुळेच्या कालव्यावर बसलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला तिसरा आकडा हवा.

येथवर सोपे होते. आता जरा सरसावून बसा, कारण पुढची गोष्ट इंजिनियर मंडळींची आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा प्राण तिच्यात आहे.

एखाद्या वस्तूची 'स्थिती' सांगायला किती आकडे पुरतात? समजा, तुम्ही स्टँडवर उभे आहात आणि कंट्रोलर सांगतो, "बस राहुरीला आहे." तुम्ही लगेच विचारता, "येती की जाती?" कारण नुसत्या ठिकाणावरून पुढे काय होणार ते कळत नाही. बंगईवर बसलेल्या नातीचा फोटो काढा. झोका अगदी मध्यावर आहे. फोटोवरून तो पुढे चालला की मागे, सांगता येईल? मध्यावर त्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि फोटोत तोच दिसत नाही. तेव्हा झोक्याची स्थिती म्हणजे एक आकडा नव्हे, दोन : कुठे आहे आणि कोणत्या दिशेने किती वेगाने चालला आहे. हे दोन कळले, की झोका कोणी दिला, केव्हा दिला, आजोबांनी की दादाने, हे विचारण्याचे कारण उरत नाही. मागचा सगळा इतिहास त्या दोन आकड्यांच्या पोटात आला.

स्थितीची शास्त्रीय व्याख्या जवळजवळ हीच आहे. आत्ताचे इतके आकडे द्या, की पुढचे सांगण्यासाठी मागचे विचारावे लागू नये. रुडॉल्फ काल्मान या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या इंजिनियरने 1960 साली या कल्पनेवर एक निबंध लिहिला. प्रत्यक्ष मोजमापे नेहमी थोडी चुकीची असतात. तेव्हा 'हिशेबाने वस्तू इथे असायला हवी' आणि 'यंत्र म्हणते ती तिथे आहे' या दोन्हींना योग्य तेवढे वजन देऊन स्थितीचा सदिश क्षणोक्षणी सुधारत कसा न्यावा, याची रीत त्याने सांगितली. त्याच वर्षी नासाच्या स्टॅन्ले श्मिट यांनी ती उचलली, आणि चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानांचा मार्ग त्या रीतीने काढला गेला. यानाची स्थिती सहा आकड्यांची : तीन ठिकाणाचे, तीन वेगाचे.

सहापैकी तीन आकडे जवळजवळ बरोबर असून भागत नाही, हे आपण 2019 च्या सप्टेंबरात सगळ्यांनी रात्री जागून पाहिले. चांद्रयान-2 चा विक्रम लँडर ठरलेल्या जागेपासून 500 मीटरच्या आत पोहोचला होता. पावणेचार लाख किलोमीटरच्या प्रवासात अर्धा किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. पण उतरताना वेग जितका कमी व्हायला हवा होता, तितका झाला नाही आणि तो आदळला. ठिकाण साधले, वेग साधला नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 ने सहाही साधले.

चंद्रावरून आता पुन्हा नगर जिल्ह्यात येऊ, कारण पायाखालच्या मातीलाही स्थिती असते. तिची गोष्ट माझ्या मामांच्या शेतातली आहे. मामांचे गाव प्रवरेच्या कालव्याच्या पट्ट्यात.

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि कालव्यांनी हा कोरडा मुलूख हिरवा केला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात पहिले गाळप करता झाला. ऊस आला, पैसा आला आणि पाण्यामागून पाणी आले. काळ्या भारी जमिनीला निचरा मुळातच कमी. वरून दिलेले पाणी खाली साचत जाते, जमिनीखालची पातळी वर चढते, उन्हाने वरचे पाणी उडते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसे हे पाणी मातीतून वर चढत असते. फरक एवढाच, की इथे वातीच्या टोकावर मीठ जमते. सखल शेते पांढरी पडू लागली. खारवट, चोपण, चिबड असे निरनिराळे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, आणि ते उगाच नाहीत.

मामांचा ओढ्याकडचा दोन एकरांचा तुकडा असाच पांढरा पडला. उसाची उगवण विरळ झाली. मामांच्या धाकट्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी त्याच दोन एकरांवर होती, त्यामुळे घरात सगळ्यांचेच लक्ष त्या तुकड्याकडे. बांधापलीकडच्या शेजाऱ्याची जमीनही तशीच पांढरी होती. त्याने चर खणले, पाणी कोंडून धरले, क्षार धुऊन काढले आणि दोन वर्षांत त्याचा ऊस पुरुषभर उंच झाला. तो भला माणूस. त्याने आपण होऊन मामांना रीत सांगितली, चर खणायला माणसेही दिली. मामांनी तसेच्या तसे केले.

पांढरा थर गेला. पण जमीन सुधारली नाही, उलट दगड झाली. पाऊस पडला की तीन-तीन दिवस पाणी वर उभे, आणि सुकली की ढेकूळ कुदळीला ऐकेना. मी दसऱ्याला गेलो होतो तेव्हा मामा बांधावर उभे राहून म्हणाले, "आरं, पांढरं धुतलं अन् काळं मागं राह्यलं. त्याला गुण आला, मला का नाही येत?"

मामांकडे मृद आरोग्य पत्रिका होती. केंद्र सरकारची ही योजना 2015 सालची. तिच्यावर 12 आकडे असतात : सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन. बारा दिशांचा सदिश! ग्रासमान असता तर त्याने तिची चौकट करून भिंतीवर लावली असती. (आमचे एक स्नेही कॉलेजात गणित शिकवतात. ते येथे बोट वर करून म्हणतात, की खताच्या गोण्यांची बेरीज होते, पण दोन पत्रिकांची होत नाही. सामू 8 आणि सामू 9 यांत एकाचा फरक नसून दहापटीचा असतो, आणि तो किलोग्रॅममध्ये मिळवायचा कसा? म्हणून पत्रिकेला काटेकोर अर्थाने सदिश म्हणू नये. स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण या लेखापुरते त्यांनी थोडे दमाने घ्यावे.)

मामांच्या जुन्या पत्रिकेत सामू 8.3 होता आणि विद्युतवाहकता चढी. म्हणजे क्षार पुष्कळ. शेजाऱ्याची पत्रिकाही तशीच, जवळपास तेच आकडे. नाहीतरी बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घेण्याची योजनेतली पद्धत होती, त्यामुळे पत्रिका शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या सारख्या दिसल्या तर नवल नाही. दोन शेते, तोच सदिश. मग एकाच औषधाने एक बरे का झाले आणि दुसरे आडवे का पडले?

कारण ज्या आकड्यात दोघांचा फरक होता, तो आकडा त्या बारांत नव्हताच.

चिकणमातीच्या बारीक कणांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे घटक चिकटून असतात. त्यांत सोडियमचा वाटा शेकडा किती, हा तो तेरावा आकडा. शास्त्रात त्याला विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण म्हणतात. कॅल्शियम कणांना एकमेकांशी बांधून ठेवतो, मातीचे रवे होतात, त्यांच्या फटींतून पाणी उतरते. सोडियम जास्त झाला, की कण सुटे होतात, फुगतात आणि फटी लिंपून टाकतात. सारवलेल्या जमिनीवर पाणी ओतून पाहा, तसे.

मी रात्री मामांच्या ओट्यावर जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली आणि दोन रेघा काढल्या. उभ्या रेघेवर क्षार, म्हणजे विद्युतवाहकता. आडव्या रेघेवर तो सोडियमचा वाटा. अमेरिकेतल्या क्षार-प्रयोगशाळेच्या 1954 सालच्या पुस्तिकेपासून जगभर उभ्या रेघेवर 4 आणि आडव्या रेघेवर 15 या खुणा धरतात. (हा 4 मातीच्या संपृक्त अर्काचा. पत्रिकेतली वाहकता माती पुष्कळ पाण्यात कालवून मोजतात, तिला ही खूण लावू नये. आणि आपल्या काळ्या जमिनीत 15 च्या खूप अलीकडेच त्रास सुरू होतो.) खुणांवरून रेघा ओढल्या, की चार खोल्यांचे घर झाले. खाली डावीकडे चांगली जमीन. वर डावीकडे खारवट : क्षार फार, सोडियम बेताचा. खाली उजवीकडे चोपण : क्षार थोडे, सोडियम फार. आणि वर उजवीकडे दोन्ही दुखणी असलेली खारवट-चोपण.

"शेजारी इथे होता," मी वर डावीकडे ठिपका दिला. "पाण्याने धुणे म्हणजे सरळ खाली जाणारा बाण. तो खाली आला, चांगल्या खोलीत पडला."

मामांनी चष्मा चढवला. मी दुसरा ठिपका वर उजवीकडे दिला. "तुमची जमीन बहुधा इथे होती. बाण तोच, खाली. पण खाली तुमच्यासाठी कोणती खोली आहे पाहा."

मामा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मामी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "म्हंजे धुतलं तेच चुकलं का?"

धुणे चुकले नव्हते, मामी. ते आधी करायचे नव्हते. खारवट-चोपण जमिनीत ते भरमसाट क्षारच मातीचे कण कसेबसे एकत्र धरून ठेवतात. आधी क्षार धुऊन टाकले, की कणांना चिकटलेला सोडियम तेवढा उरतो आणि माती लिंपली जाते. सामूही वर जातो. मामांच्या नव्या तपासणीत तो 9.2 झाला होता, आणि वाहकता मात्र छान उतरलेली! बारांतला एक आकडा 'सुधारणा झाली' म्हणत होता.

त्या खोलीतून बाहेर पडायची वाट वेगळी आहे. आधी डावीकडे सरकायचे, मग खाली. डावीकडे सरकवणारे औषध म्हणजे जिप्सम. त्यातला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमला उठवून त्याच्या जागी बसतो. सुटलेला सोडियम मग पाण्याबरोबर चरांतून बाहेर जातो. चर हवेतच, नाहीतर उठवलेला पाहुणा अंगणातच बसून राहायचा. किती जिप्सम लागेल, तेही माती तपासूनच ठरते. एरवी बाण आखूड पडतो किंवा पैसा वाया जातो. जोडीला धैंचा पेरून गाडायचा.

मामेभावाने दुसऱ्याच आठवड्यात माती तपासायला दिली आणि सोडियम मुद्दाम मागून घेतला. आकडा आला 27. धुण्यापूर्वी तो किती होता, हे आता कधीच कळणार नाही. कॅलेंडरवरचा तो वरचा ठिपका अंदाजाचाच राहिला. पहिल्या उन्हाळ्यात जिप्सम टाकले, ओंबळून पाणी दिले, धैंचा गाडला. काही दिसेना. मामा वैतागून म्हणाले, "ह्या चुन्यात पोरीची फी चालली." फी शेवटी वरच्या तुकड्यातला कांदा विकून भरली. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मग पावसाळ्यात पाणी तीनाऐवजी दीड दिवस उभे राहिले, असे मामींनी फोनवर सांगितले. मामांनी नव्हे, त्यांचा अजून विश्वास बसायचा होता.

यंदाच्या तपासणीत सोडियम 16 आहे आणि सामू 8.6. निम्म्या तुकड्यात गहू करायचा बेत आहे, कारण तो उसापेक्षा जरा सोशीक. उरलेल्या निम्म्यात अजून एक जिप्सम. कॅलेंडरची पाठ मामांनी ओट्याच्या भिंतीला खिळ्याने लावली आहे. त्यावर आता ठिपक्यांची एक वाकडी वाट झाली आहे आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी मामेबहिणीच्या अक्षरात तारीख. बांधापलीकडचा शेजारी परवा येऊन ती पाहून गेला आणि स्वतःच्या शेताचा ठिपका कुठे पडतो, ते विचारत होता. त्याच्या पत्रिकेतही तेरावा आकडा नाही.